हाव, समाधान आणि एक हजार तास

फायनल इयरला आलं की कॅन्टीनमधे एकच विषय चालतो : पॅकेज! कोणाला किती, त्यात बाईक कुठली बसते आणि मोबाईल कुठला. म्हणून हा लेख.

भौतिकवाद म्हटलं की तत्त्वज्ञानवाल्यांना चार्वाक आठवतो. तो बिचारा इथे बाजूला ठेवू. माणसाची किंमत त्याच्याकडच्या वस्तूंवरून करायची, स्वतःचीसुद्धा, या वृत्तीबद्दल मी लिहितोय.

टिम कॅसर आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली आपल्याच वयाच्या मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाती, स्वतःची वाढ, समाजासाठी काम यांच्यापेक्षा आर्थिक यशाला वरचं स्थान देणाऱ्यांमधे उत्साह कमी आणि चिंता, नैराश्य जास्त आढळलं. आता यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे नुसत्या सहसंबंधावरून ठरत नाही. असमाधानी माणूसही वस्तूंकडे वळत असेल. शिवाय ज्याच्या घरी फीचे पैसे जमवताना ओढाताण होते त्याने पगाराचा विचार करणं, याला मी तरी हाव म्हणणार नाही.

पण नवी वस्तू चार दिवसांत जुनी का वाटते? ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मधे माणसाच्या या सवयीला ट्रेडमिलची उपमा दिली. कितीही धावा, जागा तीच! फक्त या ट्रेडमिलला खनिजं लागतात, वीज लागते, आणि मागे कचरा उरतो. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद नाही.

इथे आपली, म्हणजे इंजिनिअर लोकांची, गाठ पडते. १९२४ मधे जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ केला आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधी १५०० ते २००० तास चालणारे बल्ब मिळत. याला तांत्रिक बाजू आहे हं : फिलामेंट कमी तापवलं तर ते जास्त टिकतं, पण तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो. तेव्हा १००० तास हा आकडा अगदीच मूर्खपणाचा नव्हता. पण जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड होता! दंड कशाला? तिथे गणित उजेडाचं राहिलं नव्हतं.

मोबाईलचंच बघा. २००३ च्या नोकिया ११०० चं मागचं झाकण अंगठ्याने निघायचं, बॅटरी घरी बदलता यायची. लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगच्या फेऱ्यांबरोबर क्षीण होणारच, ते रसायनशास्त्र आहे. मात्र ती आत गोंदाने चिकटवायची हा डिझाईनचा निर्णय आहे. फोन पातळ होतो, पाणी शिरत नाही, हे फायदे खरे. पण बाकी धडधाकट फोन बॅटरीपायी टाकला जातो, आणि नव्याची हौस असलेल्याला निमित्तही मिळतं. युरोपियन युनियनने २०२३ मधे नियम केला : काही अपवाद सोडता, फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे.

आपल्या पेपरात फटीग लाईफ येतं, फॅक्टर ऑफ सेफ्टी येतो. हे मशीन बिघडल्यावर कोण, कुठल्या पान्याने उघडणार, हा प्रश्न मला अजून व्हायवातसुद्धा कोणी विचारलेला नाही.