विश्रामबागवाडा : बदलते स्वामित्व, टिकलेली वास्तू

पुणे शहराच्या मध्यवस्तीत, बाजीराव रस्त्यालगत उभा असलेला विश्रामबागवाडा हा उत्तर पेशवाईतील निवासी वास्तुकलेचा एक उत्कृष्ट नमुना होय. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधविला. बांधकामास सुमारे सहा वर्षे लागली व दोन लाख रुपये खर्च आला. शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला होता. त्यामुळे तेथील वास्तव्य बाजीरावास रुचत नसे, असे सांगितले जाते. शनिवारवाडा, शुक्रवारवाडा, बुधवारवाडा व विश्रामबागवाडा या पेशव्यांच्या पुण्यातील चार प्रमुख वाड्यांपैकी आज मूळ स्वरूपाची कल्पना देणारा हाच एक वाडा उरला आहे.

वास्तूची रचना

चौकाभोवती दालने ही मराठी वाड्याची मूळ कल्पना. चौकातून उजेड व वारा आत येतो आणि पावसाचे पाणी वाहून जाते. विश्रामबागवाड्यात असे तीन चौक आहेत. इमारतीचा भार भिंतींपेक्षा लाकडी सांगाड्यावर अधिक असतो. खांब, तुळया आणि त्यांवरील कडीपाट मिळून हा सांगाडा होतो. सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, त्यांवरील केळफुलांचे नक्षीकाम आणि दर्शनी बाजूस पुढे आलेला लाकडी सज्जा यांतून सुतारांचे कसब दिसते. परंतु जे लाकूड या वास्तूचे सौंदर्य, तेच तिचे भय. वाळवी, ओल आणि आग हे तिचे तीन शत्रू होत.

राजवाड्यापासून लोकवास्तूपर्यंत

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि वाडा कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८२१ साली येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशव्यांच्या काळी विद्वानांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून तिचा खर्च चाले. या पाठशाळेतूनच पुढे डेक्कन कॉलेजचा विकास झाला. राजाचे विश्रामस्थान विद्येचे घर झाले.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा व विश्रामबागवाडा या दोन्ही वास्तूंना आग लागली. बुधवारवाडा नष्ट झाला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला. मात्र लोकवर्गणी व नगरपालिकेचे साहाय्य यांतून तो पुन्हा उभा राहिला. वाडा त्या वेळी सरकारी मालकीचा होता, तरीही नागरिकांनी पदरमोड केली, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कागदोपत्री स्वामित्व बदलण्यापूर्वीच लोकांनी ही वास्तू आपली मानली होती.

पुढे १९३० पासून १९५९ पर्यंत नगरपालिकेचे व १९५० नंतर महानगरपालिकेचे कार्यालय येथे होते. त्यानंतरही टपाल कार्यालयासारखे सार्वजनिक उपयोग चालू राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस वाड्याच्या शास्त्रशुद्ध जतनाचे काम हाती घेण्यात आले.

गावोगावीच्या वाड्यांसाठी बोध

राज्यात अनेक ठिकाणी जुन्या वाड्यांतून शाळा, वाचनालये व कार्यालये भरतात. उपयोगामुळे इमारतीकडे रोजचे लक्ष राहते. परंतु उपयोगासाठी केलेले अविचारी फेरफार तिला दुबळी करतात. पावसाळ्यापूर्वी कौले व पन्हळी तपासणे, खांबांच्या बुडाशी ओल साचू न देणे, विजेच्या जुन्या तारा वेळीच बदलणे आणि चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा न करणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. सिमेंटमुळे भिंतीतील ओल आतच कोंडते व लगतचे लाकूड कुजते. संरक्षित स्मारकांच्या बाबतीत १९६० च्या राज्य अधिनियमानुसार पूर्वपरवानगीवाचून फेरफार करता येत नाही.

विश्रामबागवाड्याचे धनी बदलत गेले. पेशव्यानंतर कंपनी आली, कंपनीनंतर ब्रिटिश सरकार आणि अखेरीस नगरसंस्था. १८७९ च्या आगीनंतर मात्र त्याला तारले ते ज्यांच्या नावावर तो कधीच नव्हता अशा नगरवासीयांनी. गावातील जुन्या वास्तूंचे भवितव्यही याच आपलेपणावर अवलंबून आहे.