विद्यापीठ बदलताना वर्ष वाचवा

प्रवरासंगमचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही. नेवाशाचं कॉलेज पुणे विद्यापीठाचं, गंगापूरचं मराठवाडा विद्यापीठाचं. अंतर थोडं, पण पदवी अर्धी असताना पलीकडे जायचं तर तयारी लागते.

आधी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषय आणि श्रेयांक जुळतात का पाहा. न जुळलेला विषय पुन्हा द्यावा लागू शकतो. ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये प्रत्येक सत्राचे श्रेयांक जमा झालेत ना, तेही तपासा. नवीकडे पात्रता आणि जागा लेखी कळली की मगच जुना प्रवेश रद्द करून कॉलेजचा टीसी आणि विद्यापीठाचं मायग्रेशन काढा. टीसी घाईत आधी काढला, तर मूल दोन्हीकडून लटकतं.

पालकांनो, निकालाची वाट पाहू नका. सत्र चालू असतानाच चौकशीला लागा.