वेग मंदावलेला लॅपटॉप

लॅपटॉप पूर्वीसारखा चालेनासा झाला की पहिली शंका येते ती विषाणूची आणि दुसरी, यंत्र म्हातारे झाल्याची. दुरुस्तीच्या दुकानात नव्या यंत्राची किंमतही विचारून होते. पुष्कळदा मात्र प्रोसेसर धडधाकट असतो. त्याच्या वेगावर कोठून तरी मर्यादा घातली गेलेली असते.

प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी स्पंदने. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये हा आकडा क्षणोक्षणी दिसतो. काम नसताना तो खाली येणे स्वाभाविक आहे. त्यामुळे वीज वाचते. परंतु जड काम चालू असतानाही २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ वरच अडून बसला, तर त्याला रोखणारा घटक शोधावा लागतो.

सर्वांत परिचित घटक उष्णता. अनेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच स्वतःचा वेग कमी करतात. पंख्यात साचलेली धूळ काढल्यावर हा दोष बहुधा जातो. उष्णतेची एक खूण आहे: गार यंत्र सुरुवातीला वेगाने चालते आणि काही मिनिटांनी मंदावते. चालू करताक्षणीच वेग अडला असेल आणि यंत्र गार असेल, तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही.

अशा वेळी संशय घ्यावा तो चार्जरचा. काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकात मध्यभागी एक बारीक पिन असते. तिच्यातून चार्जर आपली ओळख आणि क्षमता यंत्राला कळवतो. ती वाकली वा आतील तार तुटली, तर वीज येत राहते, पण ओळख पटत नाही. मग यंत्र सावधगिरी म्हणून वेग किमान पातळीवर आणते; बॅटरीही भरत नाही. चार्जर काढताच वेग पूर्ववत झाला, तर दोष चार्जरमध्ये किंवा त्याच्या खोबणीत आहे, हे जवळजवळ निश्चित होते. योग्य क्षमतेचा दुसरा चार्जर लावून त्याची खात्री करता येते.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्के आहे ना, हेही पाहून घ्यावे.

मर्यादेचा हा संकेत बंद करणारी सॉफ्टवेअरही मिळतात. खरी उष्णता आणि खोटा संकेत यांतील फरक त्यांना कळत नाही. म्हणून तापमान मोजल्याशिवाय त्यांना हात लावू नये.