शोएबुल्लांवर लिहिशील तेव्हा

वसमत, २ सप्टेंबर

चि. शुभांगीस अनेक आशीर्वाद.

१७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या पुरवणीसाठी तू शोएबुल्ला खानांवर लिहिते आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. आपल्याकडे त्या दिवशी झेंडावंदन होतं, हुतात्मा बहिर्जी शिंद्यांचं नाव निघतं आणि ते निघायलाच हवं. हैदराबादच्या या संपादकाचं मात्र क्वचितच.

एक गोष्ट नीट मांड. हैदराबाद संस्थानच्या निजामाविरुद्ध लिहिणारे इतरही होते. आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून काढला. बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढला. ती चिकाटी थोरच. पण शोएबुल्ला लिहीत होते खुद्द हैदराबादेत बसून आणि उर्दूत, म्हणजे ज्यांना निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार 'आपली माणसं' म्हणत त्यांच्याच पुढ्यात. ते ज्यात लिहीत ते 'रय्यत' वृत्तपत्र निजाम सरकारने बंद पाडलं, तर नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचं 'इमरोज' सुरू केलं. संस्थान भारतात सामील करा, असं म्हणणाऱ्या मुस्लिम मान्यवरांचं निवेदन त्यांनी छापलं. तिकडे रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी विरोधकांचे हात तोडायची भाषा करत होता. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना शोएबुल्लांना रझाकारांनी गाठलं, गोळ्या घातल्या आणि हात तोडला. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या.

लेख तिथे थांबवू नकोस. फौजा आल्यावर मराठवाड्यात कित्येक निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने ते नोंदवलं आणि तो अहवाल भारत सरकारने वर्षानुवर्षं दडपून ठेवला. आपल्या भाषणांत तो येत नाही. शोएबुल्ला जगते तर त्यांनी हेही छापलं असतं, असं मला वाटतं. पण काकांना काय वाटतं ते लिहू नकोस. अहवाल मिळव, वाच, मग लिही.

आठवणी विचारायला त्या काळच्या म्हाताऱ्यांकडे जाशील तेव्हा फक्त सत्कार झालेल्यांच्या घरी जाऊ नकोस, मुसलमान मोहल्ल्यातही जा. जुने कागद उर्दूत निघतील, निजामाच्या राजवटीतला कारभारच उर्दूत होता. वाचता येत नाही म्हणून बाजूला सारू नकोस. उर्दू शाळेतल्या एखाद्या गुरुजींना घेऊन बस.

जागा कमी पडली म्हणून त्या सूडाबद्दलचा शेवटचा परिच्छेद कापतो, असं संपादक म्हणतील. वाघमाऱ्यांचा कापा, पण हा ठेवा, असं स्पष्ट सांग. तरीही कापलाच, तर मूळ लेख मला पाठव.

तुझा,
काका