हृदयाची झडप का जपावी?

हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे जाते. वाटेतील झडप ते मागे फिरू देत नाही. 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात दोषात ही वाट अरुंद असते, पडद्याला छिद्र असते. बाळाचे ओठ निळे पडतात. १९५४ पासून यावर पूर्ण दुरुस्तीची शस्त्रक्रिया होते. झडपेचे कडे कापून ठिगळ लावले की वाट मोकळी होते. पण रक्त मागे गळते, कप्पा हळूहळू फुगतो, पुढे नवी झडप बसवावी लागू शकते. म्हणून शक्य तेथे मूळ झडप राखतात.

पालकांनो, शस्त्रक्रियेनंतर मूल खेळते-बागडते, तरी नियमित तपासणी चुकवू नका. दोष लवकर कळावेत म्हणून २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळेत तपासणी असेल त्या दिवशी मुलांना अवश्य पाठवा.