कृष्णाबाई : नदीचे व्यक्तित्व आणि पुराचा प्रश्न

नदीला सजीव व्यक्ती मानण्याची कल्पना मराठी परंपरेत रुजलेली आहे, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्या व्यक्तित्वाचे नेमके स्वरूप कोणते, हा प्रश्न मागे पडतो. कृष्णेच्या संदर्भात तो तपासून पाहण्याजोगा आहे.

माहात्म्यग्रंथांतील नदी ही प्राधान्याने तीर्थ असते. ती पापक्षालन करते. स्वतः मात्र मलिन होत नाही. अशा नदीला काही हवे असण्याचा वा तिचे रक्षण करण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. लोकाचारातील 'कृष्णाबाई' निराळी आहे. 'बाई' हे उपपद आदराचे, तसेच जवळिकीचेही. वाईला घाटाघाटांवर तिचा उत्सव होतो, तेव्हा तिची मूर्ती मांडवात बसवितात. स्त्रिया तिची ओटी भरतात. गुरू कन्या राशीत आला की गंगा तिच्या भेटीस येते, या श्रद्धेतून बारा वर्षांनी कन्यागताचे पर्व साजरे होते. म्हणजे या नदीला गोत आहे, येणेजाणे आहे. ॲन फेल्डहाउस यांनी 'वॉटर अँड वुमनहुड' (१९९५) या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्यांचे स्त्रीत्व पापमुक्तीपेक्षा अन्न, संतती, समृद्धी या ऐहिक मूल्यांशी अधिक निगडित असल्याचे दाखविले आहे, ते या ठिकाणी लक्षणीय ठरते.

या व्यक्तित्वाची खरी कसोटी पुरात लागते. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. भाविक तेथे स्नान करतात. हाच दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती सुरक्षित स्थळी हलवितात. देवच नदीला वाट करून देतो, असे म्हणावयास हरकत नाही.

याउलट, उत्तराखंड उच्च न्यायालयाने २० मार्च २०१७ रोजी गंगा व यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरविले, तेव्हा त्यांना अज्ञान बालकाप्रमाणे मानून शासकीय अधिकाऱ्यांना पालक नेमले. परंपरेतील माता कायद्यात पाल्य झाली! पुढे पुराने हानी झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, अशी शंका राज्य शासनानेच उपस्थित केली आणि ७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयास स्थगिती दिली. नदीचे व्यक्तित्व कायद्यात अडखळले ते पुराशीच.

तथापि लोकाचाराचे उदात्तीकरण करणे युक्त नव्हे. २०१९ च्या महापुरात ज्यांची घरे बुडाली, त्यांना दक्षिणद्वाराचे सांत्वन पुरेसे नाही. शिवाय ओटी भरण्याचा आचार टिकला, तरी त्यातील देण्याचे भान टिकलेच असे दिसत नाही. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णेला मिळणारी पंचगंगा कोल्हापूर-इचलकरंजी परिसरातील सांडपाणी आणि वस्त्रोद्योगाचे रासायनिक पाणी घेऊन येते. संगमावर खण-नारळ सोडला जातो तो याच पाण्यात.