अपेक्षाभंग आणि अध्ययन

भरलेली समजून उचललेली घागर रिकामी निघाली, तर हात एकदम वर उसळतो. घागर किती जड असेल याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो व त्या मानाने हातास जोर लावावयास लावलेले असते. अंदाज व अनुभव यांत अंतर पडताच मेंदू सावध होतो आणि दुसऱ्या खेपेस तीच घागर बेताने उचलली जाते. कृतीचे फळ अपेक्षेहून निराळे आले म्हणजे मेंदू आपला अंदाज दुरुस्त करतो. शिकणे हे मोठ्या अंशी अशा दुरुस्तीवर अवलंबून असते. म्हणून ही क्रिया शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रयोगांचा आधार

वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील डोपामीन हे द्रव्य स्रवणाऱ्या पेशींचे निरीक्षण केले. माकडास अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी उद्दीपित होत. पुढे रस देण्यापूर्वी दर वेळी एक खूण दाखविण्यात आली. खुणेचा अर्थ उमगल्यावर पेशी खूण दिसताच उद्दीपित होऊ लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तरी त्यांच्यात फरक पडेना. खूण दाखवून रस दिला नाही, तर तो मिळावयाच्या नेमक्या वेळी त्यांचे कार्य मंदावे. यावरून या पेशी अपेक्षा व फळ यांतील अंतराची नोंद घेतात, असा विचार शुल्ट्झ, पीटर डायन व रीड मॉन्टेग्यू यांनी १९९७ साली मांडला.

माणसांच्या बाबतीतही असे आढळले आहे की, झटपट करावयाच्या कामात चूक झाल्यावर सुमारे एक दशांश सेकंदाच्या आत मेंदूत एक विशिष्ट विद्युत्‌लहर उमटते. तिच्या मागोमाग येणाऱ्या दुसऱ्या लहरीचा संबंध चुकीची जाणीव होण्याशी जोडला जातो.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक प्रयोग महत्त्वाचा आहे. ब्रॅडी बटरफील्ड व जॅनेट मेटकाफ यांनी २००१ साली दाखवून दिले की, खात्रीपूर्वक दिलेले उत्तर चुकले व लगेच बरोबर उत्तर सांगितले, तर ती चूक, साशंक मनाने केलेल्या चुकीपेक्षा, अधिक वेळा दुरुस्त होते. अपेक्षा पक्की असली, म्हणजे आश्चर्यही मोठे होते.

हे प्रयोग प्रयोगशाळेतील आहेत. त्यांवरून वर्गाचे नियम थेट काढता येणार नाहीत, परंतु दिशा निश्चित मिळते.

वर्गातील उदाहरण

हातच्याच्या वजाबाकीत ५२ मधून २७ वजा करताना अनेक मुले ३५ लिहितात. दोनांतून सात जात नाहीत, म्हणून ती सातांतून दोन काढतात. अशा वेळी शिक्षक पाटीवर फुली मारून २५ लिहून देतात. मूल ते उतरवून घेते व दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक करते, कारण त्याच्या अपेक्षेला धक्काच बसलेला नसतो.

त्याऐवजी पुढील क्रम ठेवावा :

(१) काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्ट्या काड्या मुलापुढे ठेवाव्यात. २७ काढल्यावर किती उरतील, हे आधी पाटीवर लिहून घ्यावे.
(२) मग त्यालाच काड्या काढू द्याव्यात. सात सुट्ट्या काड्या मिळत नाहीत, येथे ते अडेल. गठ्ठा सोडण्याची कल्पना त्याला सुचू द्यावी.
(३) उरलेल्या २५ काड्या व पाटीवरील ३५ शेजारी शेजारी आल्यावर क्षणभर काही बोलू नये. विचार करण्यास अवसर द्यावा.
(४) नंतर “फरक कोठे पडला असेल?” असे विचारावे व लगेच दुसरे तसेच उदाहरण द्यावे.

चूक आणि भीती

चूक होताच वर्ग हसला किंवा शिक्षकांचा आवाज चढला, तर मुलाचे लक्ष काड्यांवरून उडून शिक्षकांच्या मुद्रेवर जाते. मूल तेव्हाही शिकतेच; पण उत्तर लिहिले की अपमान होतो, हे शिकते. पुढे ते पाटी झाकते, शेजाऱ्याचे पाहते, प्रश्न विचारताच मान खाली घालते. असे मूल शांत व शिस्तीचे वाटते, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते आणि वरच्या वर्गात गेल्यावर त्याला वजाबाकी येत नसल्याचे उघड होते. अंदाज करणेच थांबल्यावर अपेक्षाभंग कोठून होणार, आणि दुरुस्ती तरी कशाची होणार?

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. कायद्याचे हे बंधन अध्यापनाच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गात वारंवार होणारी एक चूक निवडून तिच्यामागील मुलांची समजूत शोधा.
२. ती समजूत मुलांच्या स्वतःच्या कृतीने खोटी ठरेल, असे साध्या साहित्याचे एक उदाहरण तयार करा.
३. आठवडाभर एकदाही उत्तर न देणाऱ्या मुलांची यादी करा. त्यांपैकी प्रत्येकाला पुढील आठवड्यात एक तरी अंदाज निर्भयपणे करता येईल, अशी योजना आखा.